पाकिटामागची बारीक अक्षरं

गेल्या दिवाळीत जर्मनीहून आलेल्या भाच्याने वाड्यातल्या पोरांना रंगीत, चिवट गोळ्यांची पाकिटं वाटली. शेजारच्या खालांनी नातवाच्या हातातलं पाकीट घेतलं, चष्मा चढवला, मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरली. जर्मन कुठलं कळायला! "बेटा, इसमें जिलेटिन किसका है?" भाच्याने वाचून सांगितलं, डुकराचं. पाकीट हसत परत आलं आणि नातवाला आमच्याकडची करंजी मिळाली.

खाला गेल्यावर मावशीने ठेवणीतला खुलासा काढला, "डुक्कर घाण खातं, जंत होतात, म्हणून त्यांच्यात चालत नाही." उकिरडा तर कोंबडीही उकरते. आणि त्या जंताचं म्हणाल, तर ट्रायकिनेला ही अळी माणसाच्या स्नायूत पहिल्यांदा दिसली १८३५ साली, लंडनमध्ये, जेम्स पॅजेट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला. ती जीवघेणी ठरते हे कळायला १८६० उजाडलं. कुराण सातव्या शतकातलं.

कुराणात ही मनाई चार ठिकाणी येते. मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं जनावर, अशी ती यादी. सहाव्या सूरेत कारण म्हणून 'रिज्स' हा एकच शब्द आहे : अमंगळ. जंतांचा उल्लेख नाही. श्रद्धावंताला हुकूम पुरतो. कारणं शोधायची हौस आपल्यासारख्या बाहेरच्यांना.

हौशी पुष्कळ झाले. यहुद्यांच्या तौरातमध्ये हीच मनाई कितीतरी आधीपासून आहे : खूर दुभंगलेले, पण रवंथ करत नाही, म्हणून वर्ज्य. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये तोच धागा धरला. जे ठरल्या वर्गात बसत नाही ते माणसाला अपवित्र वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मार्विन हॅरिस या मानववंशशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हिशेब मांडला : डुकराला सावली आणि पाणी लागतं, ते दूध देत नाही, नांगर ओढत नाही, वर माणसाच्याच धान्यावर डोळा; वाळवंटी मुलखात ते परवडणार कसं? हिशेब चोख आहे. पण त्याच पश्चिम आशियात माणसाने हजारो वर्षं डुकरं पाळली होती. शिवाय न परवडणारी वस्तू माणूस आपसूकच सोडतो, त्यासाठी देवाची आज्ञा कशाला लागावी?

मला स्पेनची गोष्ट जास्त बोलकी वाटते. १४९२ मध्ये ग्रनाडा पडलं आणि पुढे तिथल्या मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. बाप्तिस्मा झाला तरी डुक्कर न खाणाऱ्यावर इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाची नजर असे. ताटातला एक नकार अशा वेळी माणसाची ओळखच होऊन बसतो. दारूही हरामच, पण चोरून दोन पेग घेणारे माझे मुसलमान मित्र डुकराचं नाव काढताच तोंड वाकडं करतात. तिथे आज्ञेच्या आधी अंगच नाही म्हणतं.

आणि तरीही, कुराणातल्या त्या चारही ठिकाणी मनाईला लागूनच सवलत आहे : जो नाइलाजाने खाईल, हौसेने नव्हे, त्याला पाप नाही. जिलेटिनवरून आजही वाद चालतो. दारूचा व्हिनेगर झाला की तो हलाल, मग डुकराच्या कातडीचं जिलेटिन होताना पार रूप पालटल्यावर काय? काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित, चालेल म्हणतात, बरेच जण नाही.

खालांच्या यजमानांच्या, खालूंच्या, हृदयाची झडप बदलायची ठरली, तेव्हा डॉक्टरांनी डुकराच्या ऊतीपासून केलेली झडप सुचवली होती. खालू गप्प झाले. खालांनी मौलवीसाहेबांना फोन लावला. जिवाचा प्रश्न आहे, बसवा, असं उत्तर आलं.

करंजीचा डबा रिकामा करून परत द्यायला खालूच आले होते, जिना चढून.