मिठी काळी का पडते?

मुंबईची मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघते. विहारच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथलं पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. तिथून माहीमची खाडी जेमतेम 18 किलोमीटरवर.

पण साकीनाका, कुर्ला ओलांडेपर्यंत घरांचं मैलापाणी आणि कारखान्यांची रसायनं तिच्यात मिसळतात. सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यातही तो लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅमच मावतो, त्यामुळे तो लवकर संपतो आणि मासे गुदमरतात. मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू सरसावतात. भरतीच्या पाण्यातून आलेल्या सल्फेटपासून ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात. नदीला येणारा सडक्या अंड्यांसारखा वास याचाच. हा वायू गाळातल्या लोहाशी संयोग पावला की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं. नदीचा काळा रंग बराचसा त्याचा आहे.

26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मिठीचं पात्र रुंद झालं, खोल झालं. त्याने पुराचं पाणी वाहून जायला मदत होते. पण ऑक्सिजन परतत नाही. त्यासाठी मैलापाणी नदीत पडण्याआधीच अडवून शुद्ध करायला हवं.