बिनपिसाचा बाण आणि दुखरा खांदा

होळी जवळ आली की काठीच्या डोंगरवाटा ढोलाच्या आवाजाने जाग्या होतात. इथली राजवाडी होळी पाहायला लांबलांबचे लोक येतात. आमच्या भागात तीरकामठा ही काही नवलाची वस्तू नाही. त्यातच २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये तिरंदाजीचे जागतिक विजेते झाले. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. तेव्हापासून आपल्या मुलांचा उत्साह वाढला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण उत्साहाबरोबर दुखणीही येतात.

असाच पंधरा वर्षांचा एक मुलगा आज्याबरोबर दवाखान्यात आला. उजवा खांदा तीन आठवडे दुखत होता. शाळेकडून स्पर्धेला जायचे होते आणि स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घ्यायची आणि सराव करायचा, असा त्याचा क्रम होता.

"डॉक्टरसाहेब, एक सुई द्या. स्पर्धेपुरते निभावले म्हणजे झाले," तो म्हणाला.

तपासले तर हात बाजूने वर नेताना खांद्याच्या उंचीला तो कळवळत होता. खांद्याच्या सांध्याभोवती चार लहान स्नायू असतात. हात उचलताना त्यांच्या कंडरा हाडाच्या अरुंद छताखालून सरकतात. खांदा वर चढवून पुन्हा पुन्हा जोर लावला की कंडरा तिथे चिमटते आणि सुजते. रोग कळला, पण खांदा वर का चढतो? मी त्याला संध्याकाळी कामठा घेऊन बोलावले.

त्याच्याबरोबर क्रीडाशिक्षकही आले. त्यांनी गवताच्या जाड भाऱ्यावर खूण केली आणि दहा-बारा पावलांवरून पिसांचे तीन बाण मारायला लावले. तिन्ही जवळजवळ लागले. मग तेवढ्याच लांबीचे, तेवढ्याच वजनाचे, पण पिसे काढलेले दोन बाण दिले. एक वीतभर उजवीकडे तिरका घुसला, दुसरा डावीकडे वर गेला. पोरगा ओशाळला.

पिसे काय करतात?

दोरी सुटताच बाण थोडा वाकतो आणि वळवळत निघतो. मागची पिसे हवेत अडतात, बाणाचे शेपूट मागे ओढून धरतात आणि त्याला सरळ करतात. म्हणजे सोडताना झालेली लहानसहान चूक पिसे झाकून टाकतात. बिनपिसाच्या बाणाला ही सोय नाही. हाताने जे केले, तेच तो दाखवतो.

यातही एक भेद आहे. बिनपिसाचे बाण दर वेळी एकाच जागी, पण पिसांच्या बाणांपासून दूर लागले, तर दोष बहुधा सामानाचा असतो. बाण कामठ्याच्या मानाने ताठ किंवा लवचीक असतो, किंवा दोरीवर खाच लावण्याची जागा वरखाली झालेली असते. पण बाण दर वेळी वेगळीकडे गेले, तर आधी शरीराकडे पाहावे. कामठा मुठीत आवळला जातो का? दोरी सोडताना बोटे बाहेर झटकतात का? कामठ्याचा हात आधीच खाली पडतो का? खांदा कानाकडे चढतो का?

आमच्या मुलाचा कामठाच त्याला जड होता. ताण पेलेना, म्हणून खांदा चढे, हात थरथरे आणि दोरी कशीही सुटे. बाण चुकण्याचे आणि खांदा दुखण्याचे कारण एकच निघाले.

आजा म्हणाला, "साहेब, म्हणजे गोळी पण पिसासारखीच झाली."

मला याहून चांगले सांगता आले नसते. गोळी दुखणे झाकते, चूक तशीच राहते. शिवाय रिकाम्या पोटी रोज घेतलेल्या गोळ्यांनी जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. वाढीच्या वयात हाडांची टोके पक्की झालेली नसतात, हेही विसरू नये.

मी सुई दिली नाही. पोराची स्पर्धा हुकली, तो रडला, मलाही वाईट वाटले. तीन आठवडे विश्रांती, मग पाठीचे व्यायाम, मग हलका कामठा. दोन महिन्यांनी त्याचे बिनपिसाचे बाण पिसांच्या बाणांशेजारी लागू लागले आणि खांदा शांत झाला.

हे लक्षात ठेवा

पूर्ण ताणलेला कामठा पाच-सहा सेकंद न थरथरता धरता येत नसेल, तर तो तुमच्यासाठी जड आहे. ओढताना जोर दंडाचा नको. पाठीची फरे एकमेकांकडे आणा, खांदे खाली ठेवा.

बिनपिसाचा बाण भरकटतो. म्हणून जवळूनच, मोठ्या भाऱ्यावर आणि जाणत्या माणसासमोर मारा. मागे व बाजूला कोणी नको. तडा गेलेला बाण वापरू नका. बाणाशिवाय दोरी कधीही सोडू नका.

रात्री झोपमोड होईल इतका खांदा दुखणे, हात वर न जाणे, बोटांना मुंग्या येणे किंवा झटका बसून सूज येणे, यांपैकी काही झाले तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा येते. खांदा मात्र जन्मभर तोच वापरायचा असतो.