लेकीला कम्प्युटरला घालताना

मैत्रिणींनो, सीईटीचा निकाल लागला की सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज की साखराळ्याचं आरआयटी, अशी घराघरात चर्चा सुरू होते. आधी फीचं समजून घ्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजातसुद्धा! पण प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. त्यासाठी गटातून कर्ज उचलायची घाई नको. होस्टेल-मेस या माफीत येत नाही, तो खर्च कॉलेजात जाऊन विचारा. पसंतीक्रम लेकीला शेजारी बसवूनच भरा, कारण पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आत्ताच टाका.