राबता उत्प्रेरक

बीडहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या पेट्रोल मोटारीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. पण कोंडलेल्या जागेंत तो प्राण घेतो. त्याच्या बंदोबस्तासाठीं आजच्या मोटारीखालीं एक डबा बसविलेला असतो. त्यांत प्लॅटिनमसारख्या धातूंचे व सीरियमच्या ऑक्साइडाचे कण असतात. कित्येक कण अवघे कांहीं नॅनोमीटर रुंद. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. प्राणवायु विपुल असतां हें ऑक्साइड तो सांठवितें, उणा पडतांच देतें, आणि विषाचा कार्बन डायऑक्साइड होतो. कण मात्र स्वतः खर्ची पडत नाहींत. म्हणून ते उत्प्रेरक.

हें काम पाहावें कसें? क्ष-किरणांनीं पृष्ठभागांतून उडविलेले इलेक्ट्रॉन मोजून तेथील धातूची अवस्था कळते. परंतु वाटेंत वायु असल्यास इलेक्ट्रॉन भरकटतात; म्हणून तपासणी निर्वातांत होत असे. निजलेल्या सुताराकडे पाहून त्याची कारागिरी कशी कळावी?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत यावर उपाय करणारें यंत्र उभें राहिलें. नमुन्याभोंवतीं वायु ठेवावयाचा, इलेक्ट्रॉन बारीक छिद्रांतून घ्यावयाचे, व पुढील कक्षांतील वायु पंपांनीं टप्प्याटप्प्यानें उपसावयाचा. तांबें, रुपें व सोनें यांवर १ मिलिबार दाबाच्या प्राणवायूचा परिणाम कसा होतो, हें तेथील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. वातावरणाच्या दाबाचा हा सुमारें हजारावा भाग; तरी पूर्वीच्या निर्वाताहून कोट्यवधि पटींनीं अधिक.

रस्त्याकडेच्या माणसाचा श्वास राखणारा कण कां थकतो, हें तो राबत असतांना पाहिल्यानेंच कळावयाचें.