विवाह एक, कायदे दोन

बोर्डी हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाजवळील, चिकूच्या वाड्यांचे गाव. तेथून उंबरगाव व वापी ओलांडले की दमण येते. १९६१ पर्यंत या अंतरात परक्या सत्तेची सीमा होती. ती सत्ता गेली. परंतु १९६२ च्या कायद्याने गोवा, दमण व दीव येथील पूर्वीचे कायदे पुढे चालू ठेवले आणि त्यांत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिताही होती. नकाशावरील सीमा पुसली गेली, तरी दांपत्याच्या मालमत्तेवरील सीमा राहिलीच.

या संहितेचा नियम असा की, विवाहापूर्वी रीतसर करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते व प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो. उलट, पारशी व ख्रिस्ती समाजांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे कलम २० सांगते की, विवाहामुळे कोणालाही जोडीदाराच्या मालमत्तेत हक्क मिळत नाही. हिंदू पत्नीलाही, पतीच्या हयातीत, त्याच्या कमाईच्या घरात केवळ विवाहामुळे मालकी मिळत नाही.

मग गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाने बोर्डीत वाडी घेतली, तर तिचा वारसा कोणत्या कायद्याने ठरावा? मुंबईतील एका घराबाबत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १३ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, अशा माणसाची मालमत्ता भारतात कोठेही असो, वारसा गोव्यातील पोर्तुगीज संहितेनेच ठरेल. म्हणजे एकाच बांधालगतच्या दोन वाड्यांना दोन कायदे लागू शकतात. एक मालक मृत्युपत्राने सारी वाडी कोणालाही देऊ शकेल. दुसऱ्याला मात्र मुलाबाळांचा राखीव हिस्सा डावलता येणार नाही.

यात अधिक बोचणारी गोष्ट निराळीच आहे. त्याच १९२५ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार, विवाहाने पत्नीला पतीचा अधिवास प्राप्त होतो. बोर्डीच्या पारशी वा ख्रिस्ती मुलीला कोणता कायदा लागू होणार, हे अशा रीतीने तिला न विचारताच ठरते. युरोपीय संघातील सहभागी राष्ट्रांत २९ जानेवारी २०१९ पासून दांपत्याला, दोघांपैकी एकाच्या नागरिकत्वाचा वा नेहमीच्या वास्तव्याचा कायदा लेखी करारान्वये निवडता येतो. भारतात असा सर्वसाधारण नियम नाही.

निवडीच्या नावाखाली दुर्बल बाजूवर दडपण येईल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच निवडीसोबत स्वतंत्र सल्ला व किमान संरक्षण हवे. निदान विवाहनोंदणीच्या वेळी तरी, मालमत्तेस कोणता कायदा लागू होईल, हे वधूवरांना त्यांच्या भाषेत सांगणे बंधनकारक करावे. जो कायदा वैधव्यात प्रथम भेटतो, तो सहीच्या वेळी का भेटू नये?