हृद्रोहिणी व मधुमेह
हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांना हृद्रोहिणी म्हणतात. त्यांपैकी एखादी शाखा रक्ताच्या गुठळीने बंद पडली, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मृत होऊ लागतो. यालाच व्यवहारात हृदयविकाराचा झटका म्हणतात. मधुमेही व्यक्तींत तो अधिक प्रमाणात येतो व त्यानंतर वाहिन्यांचे कार्य पूर्ववत होणेही कठीण जाते.

हृद्रोहिणी ही केवळ नळी नव्हे. तिच्या आतील एका कोशिकेच्या (पेशीच्या) जाडीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते व त्यामुळे भित्तीतील स्नायू शिथिल होऊन वाहिनी रुंदावते. अस्तर खरवडले गेल्यास ॲसिटिलकोलिनाने वाहिनी शिथिल होत नाही, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महारोहिणीवरील प्रयोगांनी दाखविले. निरोगी हृदयात गरजेप्रमाणे रक्तप्रवाह विश्रांतीच्या तीन ते पाच पट वाढू शकतो. दीर्घकाळ वाढलेल्या ग्लुकोजामुळे नायट्रिक ऑक्साइडाचा नाश होतो, बिंबाणू अधिक चिकट बनतात आणि सूक्ष्म वाहिन्यांच्या भित्ती जाड होतात. परिणामी मोठ्या रोहिणीत अडथळा नसतानाही ही राखीव क्षमता घटते.

झटक्यानंतर या उणिवेची खरी कसोटी लागते. बंद रोहिणी फुग्याने रुंद करून तीत जाळीदार नळी (स्टेंट) बसविण्याची सोय आता मोठ्या शहरांच्या उपनगरांतही आहे. मुंबईत वर्सोव्यालगत चार बंगला येथे २००९ मध्ये सुरू झालेले कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय हे त्याचे एक उदाहरण होय. परंतु मुख्य रोहिणी उघडली, तरी गुठळीचे कण, श्वेत कोशिका व सूज यांमुळे सूक्ष्म वाहिन्या तुंबलेल्याच राहू शकतात. क्ष-किरण चित्रात मार्ग मोकळा दिसतो आणि स्नायू मात्र उपाशी राहतो. दाखल होताना रक्तशर्करा फार वाढलेली असल्यास हा धोका अधिक असतो. शिवाय वाचलेल्या स्नायूवर जादा भार पडतो व त्याच्या वाहिन्याही पुरेशा रुंदावत नाहीत. म्हणून मधुमेहींत पुढे हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण जास्त आढळते. अनेक रोहिण्या अरुंद झालेल्या मधुमेहींत स्टेंटपेक्षा उपमार्ग शस्त्रक्रियेने (बायपासने) मृत्यू व पुढील झटके कमी होतात, पक्षाघात मात्र काहीसा अधिक होतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ या चाचणीत दिसून आले.

मधुमेह स्थूल व्यक्तींनाच होतो, ही समजूत चुकीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांचे शरीर सडपातळ दिसले, तरी त्यात मेद अधिक असतो, हे दाखविले. २००४ मध्ये ते व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र लॅन्सेट या नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच (शरीरभार निर्देशांक २२.३), शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के व याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता.

मधुमेहाने हृदयाच्या तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा झाली असल्यास झटका येऊनही छातीत वेदना होत नाहीत. अकस्मात धाप लागणे, घाम सुटणे वा कारणाविना गळून जाणे एवढीच लक्षणे दिसतात. ती पित्त किंवा थकवा समजली जातात आणि रोहिणी उघडण्याचे पहिले काही मोलाचे तास घरीच निघून जातात.