मागील ब्रेकच्या आवाजाकडे दुर्लक्ष नको

चौसाळा : चौसाळ्याहून बीडकडे जाणाऱ्या मोटारीला वाटेत मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. अशा उतारावर मागील चाकांतून येणारा कर्कश आवाज ही ब्रेक तपासून घेण्याची सूचना असते.

बहुतांश छोट्या मोटारींना मागे ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबताच दोन अर्धवर्तुळाकार ब्रेक शू फिरत्या ड्रमला आतून घासतात. त्यांत धूळ साचली, लायनर गुळगुळीत झाले किंवा शू टेकण्याच्या जागा कोरड्या पडल्या, की कंपने निर्माण होऊन आवाज येतो.

आवाज केव्हा येतो, यावरून निदान करता येते. सकाळी दोन-चार वेळा ब्रेक लावताच तो थांबल्यास दमटपणामुळे ड्रमवर चढलेला गंज हे कारण असू शकते. ब्रेक न लावताही आवाज येऊन चाक तापत असल्यास हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली अथवा शू अडकलेला असण्याची शक्यता असते. लोखंड घासल्यासारखी खरखर म्हणजे लायनर संपल्याचे लक्षण; अशी गाडी घाटात नेऊ नये.

दुरुस्तीच्या वेळी ड्रम उघडून ब्रेक क्लीनरने साफ करावा. धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. उष्णता सहन करणारे ग्रीस केवळ शू टेकण्याच्या जागी, अगदी थोडे लावावे. व्हील सिलिंडरमधून ऑइल गळून लायनर भिजले असल्यास गळती थांबवून दोन्ही चाकांचे शू बदलावेत. लायनरवर तेल सोडण्याचा उपाय मात्र जिवावर बेतू शकतो. त्याने आवाज जाईल. पण ब्रेकही लागणार नाहीत.